कॅसिनोतली पोकर टूर्नामेंट नीट चालवायची असेल तर

टूर्नामेंटमधून हरून बाहेर पडलेला प्लेअर सहसा कॅसिनोवर चिडत नाही, पत्ता पडला नाही, नशीबच फुटकं म्हणतो आणि बारकडे निघतो. तो चिडतो ते पाऊण तास लाइनमध्ये उभं केल्यावर, एका फ्लोअरने (टेबलांवर लक्ष ठेवून निर्णय देणाऱ्याने) एक आणि दुसऱ्याने भलतंच सांगितल्यावर, नाहीतर दुसरा ब्रेक झाला तरी पैशात किती जण जाणार, म्हणजे बक्षीस किती जणांना, हे कुणालाच माहीत नसल्यावर. मी आधी डीलर होतो, मग काही वर्षं फ्लोअरवर काढली, सुट्टीच्या दिवशी पैसे भरून खेळायचो पण, त्यामुळे शिव्या देऊनही झाल्यात आणि खाऊनही झाल्यात. बहुतेक भानगडी पहिला पत्ता वाटायच्या आधी कागदावर मिटतात, तिथे नाही मिटवल्या तर त्या पहाटे तीनला टेबलावर येतात आणि तेव्हा सगळे दमलेले, निम्मे प्यायलेले, आणि निर्णय द्यायला तुम्ही एकटे.

तर सुरुवात ब्लाइंडच्या तक्त्यापासून. ब्लाइंड म्हणजे प्रत्येक हाताला (डावाला) दोन प्लेअरनी पत्ते बघायच्या आधीच भरायची रक्कम, एक स्मॉल ब्लाइंड आणि एक बिग ब्लाइंड, म्हणजे बीबी, आणि ती दर लेव्हलला वाढत जाते. बऱ्याच ठिकाणी हा तक्ता कुठून तरी उचललेला असतो आणि टूर्नामेंट किती वाजता संपणार हे विचारलं की मॅनेजर छताकडे बघतो. हिशोब सोपा आहे. समजा ९० जण आले, ३० री-एन्ट्री झाल्या (हरून परत पैसे भरून बसलेले), स्टॅक, म्हणजे प्रत्येकाला सुरुवातीला मिळणाऱ्या चिप्स, २०,००० चा. म्हणजे खेळात एकूण २४ लाखांच्या चिप्स. ढोबळमानाने एकूण चिप्स ३० बिग ब्लाइंडएवढ्याच झाल्या की टूर्नामेंट संपते, थोडी अलीकडे थोडी पलीकडे. २४ लाख भागिले ३० म्हणजे ८०,०००. आता तुमच्या तक्त्यात ८०,००० चा बीबी कितव्या लेव्हलला येतो ते बघायचं. एक सरळ तक्ता धरू, बीबी २००, ३००, ४००, ५००, ६००, ८००, १,०००, १,२००, १,६००, २,००० अशा दहा लेव्हल, मग २,५००, ३,०००, ४,०००, ५,०००, ६,०००, ८,०००, १०,०००, १२,०००, १६,०००, २०,००० अशा पुढच्या दहा, मग २५, ३०, ४०, ५०, ६०, ८० हजार. म्हणजे २६ वी लेव्हल. २० मिनिटांची लेव्हल असेल तर ५२० मिनिटं, त्यात १५ मिनिटांचे ४ ब्रेक, एकूण ९ तास ४० मिनिटं. संध्याकाळी ७ ला सुरू केली तर पहाटे ४:४० ला विनर. पोस्टरवर 'रात्री २ पर्यंत संपेल' छापलं असेल तर झालं कल्याण.

इथे मॅनेजर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, स्टॅक कमी करा. करून बघा. १५,००० चा स्टॅक केला तर एकूण १८ लाख, भागिले ३० म्हणजे ६०,०००, म्हणजे २५ वी लेव्हल. स्टॅकचा पाव भाग कापला आणि वाचली किती, तर फक्त २० मिनिटं! अगदी निम्मा, १०,००० चा केला तरी २३ वी लेव्हल, म्हणजे एक तास. कारण या तक्त्यात बीबी दर तीन लेव्हलला साधारण दुप्पट होतो, त्यामुळे स्टॅक निम्मा करा नाहीतर दुप्पट करा, फरक तीनच लेव्हलचा. आणि म्हणूनच 'डीप स्टॅक, ४०,००० चिप्स' असली जाहिरात बघून हुरळून जाऊ नये, लेव्हल १२ मिनिटांच्या असतील तर तो डीप स्टॅक दोन तासात उथळ होतो.

वेळ वाचवायचा तर सुरुवातीच्या लेव्हलमधून वाचवा. पहिल्या लेव्हलला सगळ्यांकडे १०० बीबी असतात, तिथे २० च्या जागी १५ मिनिटं केली तर कुणी हूं की चूं करत नाही. पहिल्या ९ लेव्हल १५ मिनिटांच्या केल्या की ४५ मिनिटं गेली, आणि ७ च्या जागी ६ ला सुरू केली की शेवट ४:४० वरून २:५५ वर आला. उलट शेवटच्या लेव्हल कापल्या की फायनल टेबलवर सगळेच १० बीबी घेऊन बसतात, शोव्ह (सगळ्या चिप्स ढकलणं, म्हणजे ऑल इन) नाहीतर फोल्ड (पत्ते टाकून देणं), आणि मग ज्याने सात तास घातलेत तो म्हणतो की याच्यापेक्षा नाणं उडवलं असतं.

तक्ता आणि चिप्स एकत्र बघा हो, वेगवेगळे नका बघू. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एकदा दुसरी लेव्हल १५०/३०० (स्मॉल ब्लाइंड/बिग ब्लाइंड) लिहून स्क्रीनवर लावली आणि सेटमध्ये सगळ्यात छोटा चिप १०० चा. लेव्हल बदलली, बारा टेबलांवरून बारा डीलरचे हात एकदम वर! २००/३०० करून वेळ मारून नेली पण पुढचे दोन महिने डीलर लोक मला बघून दीडशे दीडशे म्हणायचे. वरच्या तक्त्याला २०,००० चा स्टॅक असा बसतो: १०० चे १०, ५०० चे ८, १,००० चे ५ आणि ५,००० चे २. एकूण २५ चिप्स, मोजायला सोपं. १०० चा चिप ८००/१,६०० पर्यंत लागतो, १,०००/२,००० ला लागत नाही, म्हणजे ९ व्या लेव्हलनंतर ब्रेक ठेवा आणि तेव्हाच १०० चे गोळा करा. ५०० चे १४ व्या लेव्हलनंतर काढता येतात, १,००० चे १९ व्या. आणि पहिला ब्रेक ५ व्या नंतर. हे झाले चार ब्रेक, आपोआप जागेवर बसले. ब्रेकमध्ये कलर अप (छोटे चिप्स घेऊन मोठे देणं) केलं की खेळ थांबत नाही, लेव्हलच्या मध्ये केलं की प्रत्येक टेबलचे पाच-सात मिनिटं गेलेच.

कलर अप कसं करायचं ते पण डीलरला नीट शिकवा, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. प्रत्येकाचे १०० चे पाच-पाच घ्यायचे आणि ५०० चा एक द्यायचा. मग कुणाकडे तीन उरतात, कुणाकडे एक, कुणाकडे चार. ते सगळ्यांच्या समोर मांडायचे, सीट १ पासून सुरू करून प्रत्येक सुट्ट्या चिपमागे एक पत्ता उघडा वाटायचा, तीन चिप असतील तर तीन पत्ते, आणि ज्याचा पत्ता सगळ्यात मोठा त्याला नवा चिप. एकाला एकच, तीन पत्ते असले म्हणून तीन चिप नाही मिळत. आणि कुणाकडे फक्त दोनच १०० चे उरले असतील आणि तो चिप हरला तरी तो बाहेर जात नाही, त्याला चालू असलेला सगळ्यात छोटा चिप द्यायचा. कलर अपमध्ये कुणी आउट होत नाही. हे नवीन डीलरला माहीत नसतं आणि तो बिचाऱ्या माणसाला उठवतो.

गोळा केलेले चिप्स लगेच ट्रेमध्ये मोजून आत जायला पाहिजेत, बाजूच्या टेबलावर प्लास्टिकच्या डब्यात पडून नाही राहायला पाहिजेत. प्रत्येक ब्रेकला एकूण बेरीज जुळवा, १२० एन्ट्री गुणिले २०,००० म्हणजे २४ लाख, त्यापेक्षा फार जास्त भरले (कलर अपमुळे थोडं इकडे तिकडे होतं ते सोडून) तर थांबून शोधा. हे मोठ्या मोठ्या ठिकाणी झालंय. २००६ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला ८,७७३ जण होते, प्रत्येकाचे १०,०००, आणि शेवटी टेबलावर हिशोबापेक्षा जास्त चिप्स निघाल्या. आणि २०१४ च्या जानेवारीत अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोमध्ये तर एका प्लेअरने चक्क नकली चिप्स घुसवले, २७ जण उरले असताना टूर्नामेंट थांबवावी लागली, उरलेले नकली चिप्स त्याने हॉटेलच्या टॉयलेटमध्ये फ्लश केले आणि पाइप तुंबला म्हणून पकडला गेला. नेहमी पाइप तुंबायची वाट बघत बसता येणार नाही. साधी काळजी म्हणजे टूर्नामेंटचे चिप्स कॅश गेमपेक्षा (जिथे चिप म्हणजे थेट पैसे) दिसायलाच वेगळे ठेवा, मोठ्या किमतीच्या चिप्सचे दोन सेट ठेवा आणि कुठला वापरणार ते आधी सांगू नका.

रजिस्ट्रेशन. ७ ची टूर्नामेंट म्हणजे ६:५० ला ६० माणसं काउंटरवर, हे सगळ्यांना माहीत असतं तरी खिडकी एकच उघडी असते. आदल्या दिवसापासून रजिस्ट्रेशन सुरू ठेवा, आयडी आणि पैसे घेऊन टाका, सीट मात्र त्या दिवशी आल्यावर रँडम द्या. दुसरी खिडकी फक्त शेवटच्या तासाभरासाठी. आणि टेबल भरताना पहिलं पूर्ण ९ चं भरलं की दुसरं उघडू, असं नका करू. सुरुवातीला जितकी टेबलं उघडाल त्यात ६-७ जण बसवा, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना जागा राहते आणि पहिल्या तासात टेबल तोडाजोडीची वेळ येत नाही.

लेट रजिस्ट्रेशनवर माझं आणि मार्केटिंगवाल्यांचं कधीच जमलं नाही. त्यांना ती ९ व्या लेव्हलपर्यंत उघडी हवी असते कारण प्रत्येक एन्ट्रीमागे फी. पण ९ व्या लेव्हलला बीबी १,६०० आहे, २०,००० घेऊन बसणाऱ्याकडे साडेबारा बीबी. तो काय खेळणार? दोन हात बघतो, ढकलतो, उठतो आणि परत लाइनमध्ये. वर जे वेळेवर आले त्यांना तीन तास कळतच नाही की प्राइझ पूल, म्हणजे बक्षिसांची एकूण रक्कम, किती. पहिल्या ब्रेकच्या शेवटी बंद करा, सहाव्या लेव्हलला ८०० चा बीबी, म्हणजे येणाऱ्याकडे २५ बीबी तरी असतात. री-एन्ट्री एक किंवा दोन, अनलिमिटेड ठेवली की ज्याच्या खिशात जास्त पैसे तो पहिला तास बेफाम खेळतो आणि एकदाच पैसे भरणारे लोक हळूहळू यायचे बंद होतात. फी थोडी बुडते, मान्य.

पैशांचं सगळं आधी छापा. भरलेल्या पैशातले किती प्राइझ पूलमध्ये, किती हाउसची फी, किती स्टाफसाठी, तीन आकडे वेगवेगळे. स्टाफचे म्हणून कापले असतील तर ते खरंच डीलरपर्यंत जाऊ द्या, डीलर प्लेअर लोकांशी बोलतात, सगळं कळतं. गॅरंटी (किमान एवढी बक्षिसं नक्की) जाहीर केली आणि माणसं कमी आली तर फरक कॅसिनोने भरायचा, आयत्या वेळी रद्द नाही करायची. एकदा रद्द केली की पुढच्या सहा गॅरंटीवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि टूर्नामेंटमधून कॅसिनोची कमाई तशीही फार नसते, लोक आउट होऊन कॅश गेमला बसतात त्यात असते, तेव्हा माणसं परत येणं हाच धंदा. पेआउट, म्हणजे कुणाला किती बक्षीस ते, लेट रजिस्ट्रेशन बंद झाल्यावर १५ मिनिटांत स्क्रीनवर. मी १२ ते १५ टक्के एन्ट्रींना पैसे देतो, १२० एन्ट्रीला १५ ते १८ जण, आणि शेवटच्या नंबरला भरलेल्या पैशाच्या दुप्पट तरी जवळपास. आठ तास बसून भरले त्याच्यापेक्षा जरासेच जास्त मिळाले तर जिंकणारा पण तोंड वाकडं करतो.

आता नियम. एक प्रसंग सांगतो, मी प्लेअर म्हणून बसलो होतो, बीबी १,०००, माझ्या शेजारच्याने काही न बोलता ५,००० चा एक चिप टाकला. फ्लोअर आला, म्हणाला रेझ (बोली वाढवली). अर्ध्या तासाने पलीकडच्या टेबलवर हुबेहूब तेच झालं, दुसरा फ्लोअर म्हणाला कॉल (नुसती बरोबरी). दोन्ही टेबलं पाठीला पाठ लावून, सगळ्यांनी ऐकलं, आणि तिथून पुढे रात्रभर प्रत्येक निर्णयावर वाद. नियम तसा सरळ आहे, न बोलता एकच मोठा चिप टाकला तर तो कॉल. पण तो लिहिलेला पाहिजे ना. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन, म्हणजे टीडीए, २००१ पासून हेच काम करतेय, त्यांचे नियम फुकट मिळतात आणि जगभरातल्या रूम तेच वापरतात. आपले स्वतःचे शोधत बसू नका. ते घ्या, जिथे तुमचं काही वेगळं आहे ते एका पानावर लिहा, टेबलाजवळ लावा, आणि दर टूर्नामेंटच्या आधी सगळ्या फ्लोअर आणि डीलरना १० मिनिटं उभं करून तीन-चार अवघड केसेस विचारा. बिग ब्लाइंड अँटी, म्हणजे सगळ्या टेबलची अँटी (ब्लाइंडशिवाय भरायची सक्तीची रक्कम) बिग ब्लाइंडवाल्याने एकट्याने भरायची पद्धत, वापरत असाल (आणि वापराच, २०१८ च्या आसपास ती सगळीकडे आली ते उगाच नाही, नऊ जणांकडून अँटी गोळा करण्यात प्रत्येक हाताला जो वेळ जायचा तो गेला) तर ज्याच्याकडे दोन्ही भरायला चिप्स नाहीत त्याचं आधी ब्लाइंड धरायचं की अँटी, हे त्या पानावर असू द्या. काही रूम असं करतात काही तसं, भांडण त्यावरून होत नाही, न सांगण्यावरून होतं.

टेबल बॅलन्स करताना, म्हणजे सगळ्या टेबलांवर माणसं सारखी ठेवताना, माणूस मनाने उचलायचा नाही. ज्याच्यावर पुढचा बिग ब्लाइंड येणार तो उठतो आणि नव्या टेबलवर त्यातल्या त्यात वाईट जागेवर बसतो, स्मॉल ब्लाइंडवर मात्र कधीच नाही. टेबल पूर्ण तुटलं तर सीट रँडम, दोन वेळा मिसळून. एखादं टेबल तीन माणसांनी कमी झालं तर तिथला खेळ थांबवा, नाहीतर सहा जणांच्या टेबलवर ब्लाइंड भराभर फिरतात आणि नऊ जणांचं टेबल आरामात. हे सगळं नियमात आहे, तरी 'अरे तू जा ना तिकडे' असं म्हणणारे फ्लोअर मी पाहिलेत.

डीलर मोजून ठेवा. अर्ध्या अर्ध्या तासाने टेबल बदलायचं आणि चार टेबलं झाली की एक सुट्टी, असं धरलं तर १२ टेबलांना १५ डीलर लागतात. १२ च आणले तर नवव्या तासाला पॉट (मध्ये लावलेल्या चिप्स) चुकीचे मोजले जाणार, आणि दोष डीलरवर जाणार.

बबल, म्हणजे पैशात जायला एक-दोन माणसंच जायची राहिलेली वेळ, ही खरी परीक्षा. इथे ज्याच्याकडे ३ बीबी उरलेत तो प्रत्येक हाताला पत्ते बघून कपाळाला हात लावून विचार करतो, ७-२ सारखे सगळ्यात वाईट पत्ते असले तरी. दोन माणसं जायची राहिली की हँड फॉर हँड चालू करा. सगळ्या डीलरनी हात संपवून थांबायचं, हात वर करायचा, सगळी टेबलं झाली की पुढचा हात. कुठे ऑल इन आणि कॉल झाला तर डीलरने पुढचे पत्ते उघडायचे नाहीत, बाकीची टेबलं संपेपर्यंत थांबायचं, मग फ्लोअरसमोर. घड्याळातून प्रत्येक हाताला ठरलेली मिनिटं वजा करा, समजा २ किंवा ३, हात प्रत्यक्षात कितीही चालला तरी तेवढीच, म्हणजे वेळ काढून कुणाचा फायदा होत नाही. एकाच फेरीत दोन वेगळ्या टेबलांवर दोघं गेले तर बक्षीस वाटून घ्यायचं. एकाच टेबलवर गेले तर हात सुरू होताना ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वरचा, त्यामुळे डीलरने ऑल इन झाल्या झाल्या दोघांचे स्टॅक मोजून ठेवायचे, नंतर पॉटमध्ये मिसळल्यावर कोण सांगणार.

शॉट क्लॉक (प्रत्येक निर्णयाला ठरलेली सेकंदं) सुरुवातीपासून लावायची गरज नाही. रेंगाळणाऱ्यावर कुणी क्लॉक मागितला तर टीडीएच्या नियमाने २५ सेकंद आणि वर ५ सेकंदांचं काउंटडाउन, तेवढं बऱ्याच वेळा पुरतं. पण बबलच्या जवळपास दोन टेबलं अलीकडे ३० सेकंदांचा क्लॉक चालू केला आणि प्रत्येकाला टाइम बँकची (जादा वेळ घ्यायची) तीन-चार कार्डं दिली तर पुढचे दोन तास सुटसुटीत जातात. डीलरची तयारी मात्र आधी करून घ्या, टायमर दाबायचं विसरणारा डीलर आणि टायमर नसणं यात पहिलं जास्त वाईट.

राहिलं डीलचं, म्हणजे उरलेल्यांनी बक्षिसं आपसात वाटून घेण्याचं. पहाटे चार जण उरतात आणि एकमेकांच्या कानात कुजबुज सुरू होते. कॅसिनोने डीलला परवानगी द्यायची की नाही ते आधीच ठरवा, द्यायची तर घड्याळ थांबवा, चिप्स मोजा, आयसीएमचे (चिप्स आणि उरलेली बक्षिसं दोन्ही धरून वाटा काढायच्या पद्धतीचे) आकडे आणि सरळ चिप्सच्या प्रमाणातले आकडे दोन्ही छापून चौघांसमोर ठेवा आणि गप्प उभे राहा. सल्ला देऊ नका, 'हे फेअर आहे का' असं विचारलं तरी नाही, कारण ज्याला नंतर कमी वाटेल तो तुमचंच नाव घेईल. चारातला एक जरी नाही म्हणाला तर विषय संपला, बाकी तिघांना त्याच्यावर दबाव टाकू देऊ नका, पत्ते वाटायला लावा. चौघं हो म्हणाले तर सगळ्यांच्या सह्या, आणि थोडे पैसे ट्रॉफीबरोबर पहिल्या नंबरसाठी बाजूला ठेवायला सांगा, नाहीतर डील झाल्यावर चौघंही न बघता ऑल इन करतात, डीलर पाच पत्ते उघडतो आणि कोण जिंकलं हे फोटो काढणाऱ्यालाच विचारावं लागतं.